ओरेस्तेबुवांचा वन्स मोअर

मिरजेच्या फलाटावर गाडी थांबली तेव्हा भूपालमामा हार घेऊन उभे होते. यात विशेष काही नव्हतं, मामा पोस्टमनलासुद्धा हार घालतील. पण त्यांच्यामागे बँडवाले उभे होते आणि बँडवाल्यांच्या मागे दोन बांबूंवर ताणलेलं एक कापड होतं. त्यावर पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं, 'इटलीचे विख्यात गवई ओरेस्तेबुवा यांचे सांगलीकरांतर्फे हार्दिक स्वागत. आज सायंकाळी गजानन नाट्यमंदिरात गायन.'

"मामा, हे काय?" मी डब्याच्या दारातूनच ओरडले.

"काय म्हणजे? पाव्हणं आल्यात."

"मी तुम्हाला फक्त एक दिवस उतरायची सोय करा म्हणून कळवलं होतं."

"मग, केली की सोय! दिवसभर उतरायचं, संध्याकाळी गायचं. नुसतं बसून माणूस कंटाळतंय गं."

माझ्यामागून ओरेस्तेबुवा खाली उतरले आणि बँडवाल्यांनी लग्नातली धून सुरू केली. बुवा म्हणजे सहा फूट उंच, त्याच हिशेबात रुंद, पांढरी दाढी छातीपर्यंत. मामांना हार घालण्यासाठी टाचा उंच कराव्या लागल्या. हार घातल्यावर त्यांनी बुवांना आपादमस्तक पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. माल पसंत पडला की ते अशीच मान हलवत.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली. मी तेव्हा मुंबईत, सूतगिरणीची यंत्रं विकणाऱ्या एका इटालियन कंपनीत टायपिस्ट होते. आमचा साहेब चिडला की इटालियनमध्ये चिडायचा. आपल्याला नेमकं कशाबद्दल झापलं जातंय हे कळावं, एवढ्याच हेतूनं मी ती भाषा शिकले. पुढे कंपनीनं जाहिरातीसाठी इटलीतून तीन ऑपेरा-गायक आणि पियानो वाजवणाऱ्या एक बाई बोलावल्या, तेव्हा दुभाषी म्हणून साहेबानं मला पुढे केलं. मुंबईचे कार्यक्रम झाले, पुढचा बंगळूरला होता. नायक आणि नायिकेची गाणी गाणारे दोघं विमानानं गेले. बुवांनी मात्र विमानाला साफ नकार दिला.

"मी जन्मभर जमिनीखालचे सूर गायलो," ते म्हणाले, "आभाळात माझं काय काम?"

म्हणून ते, पियानोवाल्या लिदियाबाई आणि मी असे तिघं रेल्वेनं निघालो. त्या काळी बंगळूरला जाताना मिरजेला गाडी बदलावी लागे. आम्हाला पुढच्या गाडीचं आरक्षण दुसऱ्या दिवसाचं मिळालं होतं, आणि मिरजेच्या शेजारी सांगलीत माझे हळदीचे व्यापारी मामा राहत होते. मामा नुसते व्यापारी असते तर प्रश्न नव्हता. ते गजानन नाट्यमंदिराचे चिटणीसही होते.

मी कापडावरचा मजकूर बुवांना सांगितला. दुभाष्याला थोडं गाळावं लागतं, थोडं पदरचं घालावं लागतं. मी म्हटलं, "हे लोक आपल्याला फार नम्र विनंती करताहेत."

बुवा म्हणाले, "पियानो आहे का?"

"काल आणलाय," मामा म्हणाले. "मिरजेतल्या एका शाळेतनं. हळदीच्या ट्रकमधनं आणला. जरा पिवळा झालाय, पण वाजतोय."

हे मी लिदियाबाईंना सांगितलं नाही.

---

त्याच सकाळी मामा आम्हाला सांगलीजवळच्या हरिपूरला पेवं दाखवायला घेऊन गेले. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. वर तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच, आणि खाली एका खोलीएवढी जागा. आत हळद भरून तोंड लिंपलं की ती वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. मामांनी एकेका पेवाची कुळकथा सांगितली आणि मी तिचा एक चतुर्थांश भाग पुढे पोचवला.

एक पेव रिकामं होतं. आदल्या दिवसापासून तोंड उघडून ठेवलेलं होतं, कारण आतली कोंदलेली हवा जीवघेणी असते आणि ती निघून जाईपर्यंत कुणी आत उतरत नाही. बुवा त्याच्या काठाशी गेले. मग दोन हमालांच्या खांद्यांचा आधार घेऊन ते चक्क गुडघ्यांवर बसले, आणि त्यांनी त्या अंधारात एक सूर सोडला.

मुंबईत मी त्यांचं गाणं ऐकलं होतं, पण ते मखमली खुर्चीत बसून. इथे तो सूर खाली गेला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग आमच्या पायांतून वर आला. पोती उचलणारे हमाल थांबले. वजनकाट्यापाशी हुज्जत घालणारे दोन दलाल गप्प झाले, आणि सांगलीत दलाल गप्प होणं सोपं नाही.

मामा हळूच म्हणाले, "पद्मे, ह्या माणसाचा आवाज पेवातनं येतोय."

मी हे जसंच्या तसं सांगितलं तेव्हा बुवा मोठ्यांदा हसले. "अडतीस वर्षं टीकाकार माझ्याबद्दल लिहिताहेत, पण इतकं नेमकं कुणाला सुचलं नाही," असं म्हणून त्यांनी मामांचा हात इतका जोरात दाबला की मामा दुपारपर्यंत बोटं चोळत होते.

बुवांच्या आवाजाला तिकडे बास म्हणतात. पुरुषाचा सर्वांत खालच्या पट्टीतला आवाज. ऑपेरात वरच्या पट्टीतल्याला नायिका मिळते आणि बासला दाढी मिळते. राजे, धर्मगुरू, तुरुंगाधिकारी, नायिकेचे बाप आणि अधूनमधून सैतान, अशा बुवांच्या भूमिका. "आजवर एकाही नायिकेनं माझ्यावर प्रेम केलं नाही," ते सांगत. "सगळ्याजणी फक्त लग्नाची परवानगी मागायला आल्या."

---

दुपारी मामांच्या घरी जेवायला बसलो. मामीनं पुरणपोळ्यांचा बेत केला होता. मागच्या दारातून मांजर डोकावत होतं म्हणून मी दार लावायला उठले, तर मामी हलक्या आवाजात म्हणाली, "असू दे उघडं. नेमू गेल्यापासनं त्यांना ते लावलेलं चालत न्हाई."

नेमू म्हणजे माझा मामेभाऊ. दोन वर्षांपूर्वी हळदीच्या धंद्यावरून बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो हुबळीला निघून गेला. तेव्हापासून मामांनी त्याचं नाव टाकलं होतं. घरातल्या कुणाचीही ते नाव घ्यायची टाप नव्हती. मी दार तसंच ठेवून पानावर येऊन बसले.

मामांनी बुवांच्या पोळीवर तुपाची धार धरली आणि म्हणाले, "विचार की त्यांना, सगळ्यात जास्त वन्स मोअर कुठल्या गावात मिळालं?"

सांगलीत गवयाला हा प्रश्न म्हणजे पाहुण्याला मुलंबाळं किती विचारावं तसा. संगीत नाटकात एखादं पद रंगलं की प्रेक्षागृहातून 'वन्स मोअर'ची आरोळी उठते आणि नट नाटक थांबवून ते पद पुन्हा म्हणतो. मरायला टेकलेलं पात्रसुद्धा उठून बसतं, पद म्हणतं आणि पुन्हा मरायला टेकतं. हे मी बुवांना समजावून सांगितलं.

"आमच्याकडे याला बिस म्हणतात," बुवा म्हणाले. त्यांचा हात पानावरच थांबला होता. "आता जे सांगतो ते फक्त तुमच्यासाठी, त्यांना सांगू नका. माझे वडील आमच्या गावच्या नाट्यगृहात टाळ्या पुरवायचे."

"पुरवायचे?"

"जसं कुणी फुलं पुरवतं. त्यांची टोळी होती. गायकानं आधी ठरवून ठेवायचं, वडिलांची माणसं वरच्या गॅलरीत पसरून बसायची आणि सांगितल्या जागी टाळ्या, सांगितल्या जागी बिस. माझं बालपण त्या गॅलरीत गेलं. पुढे मी त्याच नाट्यगृहात पहिल्यांदा गायलो. धर्मगुरूचं लहानसं गाणं होतं. संपलं आणि वरून आरोळी आली, बिस! वाद्यवृंद पुन्हा सुरू करायला तयार होता. मी गायलो नाही. मान खाली घालून उभा राहिलो."

"का?"

"विकतचा होता. वडिलांनी मुलाला भेट दिली होती."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," एवढंच म्हणून त्यांनी पोळीचा घास घेतला. मग म्हणाले, "त्यानंतर खराही कधी आला नाही. बासला कोण बिस देणार? टाळ्या मिळाल्या, मानपत्रं मिळाली. हे एक राहिलं. आणि आता खालचा सूर रोज येत नाही, बंगळूरनंतर मी थांबणार आहे. नाही मिळाला तर नाही. पण निरोपाच्या वेळी पुन्हा कुणी विकतचा हातात ठेवला, तर मी स्टेजवरून उतरेन आणि बंगळूरलाही तोंड उघडणार नाही."

हे सगळं ते पोळी खात, हसऱ्या चेहऱ्यानं सांगत होते. त्यामुळे मामांना वाटलं, मोठमोठ्या गावांची यादी चाललीय.

"लई मिळाल्यात वाटतं," ते म्हणाले. "किती?"

"एकही नाही, मामा."

तुपाची वाटी मामांच्या हातातच राहिली. "अडतीस वर्षांत?"

"अडतीस वर्षांत."

मामांनी बुवांच्या पानावर आणखी एक पोळी वाढली, आणि हात धुऊन, डोक्याला फेटा गुंडाळून, भर दुपारी कुठेतरी निघून गेले. धंद्याचं काम असेल असं मला वाटलं.

---

संध्याकाळी नाट्यमंदिर खचाखच भरलं होतं. इटालियन गाणं कुणाला कळणार नव्हतं, पण भूपाल चौगुल्यांनी बोलावल्यावर न येण्याची सोय नव्हती. विंगेत लिदियाबाई रुमालानं बोटं पुसत होत्या. पियानोच्या एकेका पट्टीखालून हळद निघत होती आणि त्यांना ती भारतातली काही धार्मिक प्रथा वाटली होती. मी ती समजूत तशीच राहू दिली.

दुसरी घंटा झाली आणि मामा विंगेत आले. रेशमी कोट, गुलाबी फेटा, आणि चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरवून आल्यासारखा आनंद.

"पद्मे, झकास बंदोबस्त केलाय. तिसऱ्या रांगेत तात्या बिरनाळे. बाल्कनीत हमाल मंडळींचा घोळका. डाव्या अंगाला दलाल, उजव्या अंगाला भजनी मंडळ. पहिल्या गाण्याला दोन वन्स मोअर, दुसऱ्याला तीन, आणि शेवटच्याला पडदा पडूच द्यायचा न्हाई."

तात्या बिरनाळे म्हणजे वन्स मोअरच्या बाबतीत जिल्ह्यातलं मोठं नाव. त्यांच्या आरोळीनं एकदा स्टेजवरचा समईचा दिवा विझला होता असं सांगत.

"मामा, हे तुम्ही काय केलंत!"

"काय म्हणजे? आपल्या गावात आलेला माणूस तसाच रिकामा जाणार व्हय? बरं दिसतंय का ते?"

बुवांनी सांगू नका म्हटलं होतं. पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी मामांना बाजूला ओढलं आणि भरभर सगळं सांगितलं. वडील, टोळी, गॅलरी, न गायलेलं गाणं. आणि हेही, की विकतचा वन्स मोअर या माणसाला ऐकताक्षणी ओळखू येतो आणि ओळखू आला तर तो स्टेजवरून उतरेल तो कायमचा.

मामांचा चेहरा पडला. "अगं, पण मी पैसं कुठं दिल्यात कुणाला? प्रेमानं सांगितलंय."

"सांगितलंय ना? मग झालं."

"आता गं?"

तेवढ्यात तिसरी घंटा झाली. मामांनी धोतराचा सोगा सावरला. "मी बघतो," म्हणाले आणि धावत सुटले. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. ते रांगेरांगेतून वाकून जात होते, कुणाच्या कानाशी लागत होते, कुणाला दरडावत होते, बाल्कनीतल्या हमालांना खालूनच हातवारे करून सांगत होते. मामांना कुठलंच काम अर्धवट जमत नाही. दुपारी त्यांनी निम्म्या गावाला ओरडायला सांगितलं होतं. आता त्यांनी अख्ख्या प्रेक्षागृहाला तंबी दिली, की काय वाटेल ते झालं तरी वन्स मोअरचा व सुद्धा कुणी तोंडातून काढायचा नाही.

पडदा उघडला. मी पुढे होऊन पहिल्या गाण्याचा अर्थ मराठीत सांगितला. एक राजा लढाई जिंकून आलाय आणि त्याला झोप येत नाही. बुवा गायले. पहिल्याच सुराला लोक खुर्चीत पुढे सरकले, माना डोलायला लागल्या. गाणं संपलं आणि टाळ्या वाजल्या. सरकारी समारंभात पाहुण्यांचा परिचय झाल्यावर वाजतात तेवढ्या. तात्या बिरनाळ्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्यांचे डोळे बाहेर आले होते.

दुसरं गाणं सैतानाचं होतं. हा सैतान दारुडा असतो आणि त्याला नरकाची वाट सापडत नाही. बुवांनी अशा काही झोकांड्या खाल्ल्या की बाल्कनीतून हसण्याचा गडगडाट झाला. शेवटच्या तानेला उजवीकडचा एक भजनी तोंड उघडून ताडकन उठला, पण शेजाऱ्यानं त्याला कोटाला धरून खाली बसवलं. पुन्हा त्याच मोजक्या टाळ्या.

बुवा विंगेत आले, कोमट पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "सभ्य लोक आहेत."

ते हसत होते. अडतीस वर्षं हा माणूस सभ्य लोकांपुढेच गात आला होता. मी पडद्याआडून मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या मामांना खुणा केल्या, की अहो जरा सैल सोडा. मामांनी दोन्ही हात उंचावून मला दिलासा दिला, की काळजी करू नको, सगळे मुठीत आहेत.

शेवटचं गाणं उरलं होतं. ते मुंबईत झालं नव्हतं, बुवांनी ते आयत्या वेळी निवडलं. मी स्टेजवर जाऊन अर्थ सांगितला. एका गावच्या वेशीवर म्हातारा द्वारपाल आहे. राजाचा हुकूम आहे, की रात्री वेस बंद झालीच पाहिजे. म्हातारा मोठं दार लावतो, अडसर घालतो, आणि शेजारचं लहान दार मात्र रोज विसरल्यासारखं उघडं ठेवतो. त्याचा मुलगा त्याच्यावर रागावून गेलेला असतो.

सांगता सांगता माझी नजर मागच्या दाराकडे गेली आणि मी वाक्य लवकर आटोपलं.

बुवा स्थिर उभे राहून गायले. हात नाहीत, झोकांड्या नाहीत. आवाज एकेक पायरी खाली उतरत होता. मोठं दार लागलं, अडसर पडला, गाव झोपलं, एकेक दिवा गेला. लिदियाबाईंनी पियानो थांबवला आणि बुवा एकटेच त्या अगदी खालच्या सुरावर येऊन पोचले. सकाळी पेवात सोडला होता तोच सूर. तो त्यांनी धरून ठेवला आणि मग हळूच सोडून दिला.

कुणी टाळी वाजवली नाही. त्या मोजक्या टाळ्यासुद्धा आल्या नाहीत. लिदियाबाईंनी हात मांडीवर घेतले. बुवांनी थोडी वाट पाहिली, मग मान लववली, आणि जायला वळले. मला रडू यायला लागलं. वाटलं, आपणच या माणसाचा निरोप मातीत घातला.

ते विंगेपासून दोन पावलांवर आले असतील, तेव्हा मागून आवाज आला.

"वन्स मोअर!"

आवाज फाटलेला होता. सगळं प्रेक्षागृह मागे वळलं. दारापाशी भूपालमामा उभे होते, फेटा हातात, गाल ओले.

तात्या बिरनाळ्यांनी तोंडातला बोळा काढला. "आणि आम्हाला तेवढं गप्प बसवलंसा व्हय!" असं म्हणून त्यांनी जी आरोळी ठोकली, तिच्यामागोमाग बाल्कनी, दलाल, भजनी मंडळ सगळे एकदम फुटले. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. उपरणी उडाली.

बुवा माझ्यासमोर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "हे काय म्हणताहेत?"

"बिस."

"पहिला ओरडला तो आपला यजमान ना?"

"हो. मायेस्त्रो, मी खरं सांगते. दुपारी त्यांनी हे ठरवून ठेवलं होतं. नंतर मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांना मनाई केली. शेवटी स्वतःच..."

"मला माहीत आहे," बुवा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "त्याला उशीर झाला."

"म्हणजे?"

"विकतच्या माणसाला कधी उशीर होत नाही. तो गाणं ऐकतच नसतो, गायकाच्या श्वासावर लक्ष ठेवून बसलेला असतो. सूर संपला की त्याचा बिस तयार. माझ्या वडिलांनी मला ते शिकवलं होतं. जो खरोखर ऐकत असतो ना, तो दूर गेलेला असतो. त्याला आधी परत यावं लागतं."

एवढं बोलून ते पुन्हा स्टेजवर गेले आणि द्वारपालाचं गाणं पहिल्यापासून गायले. या खेपेला तात्यांचा वन्स मोअर सूर संपायच्या आतच आला. बुवा खदखदून हसले आणि तिसऱ्यांदा गायले. खालचा सूर तिन्ही वेळा आला.

---

पडदा पडल्यावर मामा विंगेत आले ते दबकत दबकत. फेटा अजून हातातच होता.

"पद्मे, माझं चुकलं गं. कळलं का त्यांना? विकतचं वाटलं का?"

माझा जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे मला मामांची थोडी गंमत करावीशी वाटली. "म्हणाले, ओरडायला उशीर केलात."

मामा ओशाळले. "झाला खरा." ते जरा वेळ फेट्याचं टोक चाचपत राहिले. "मी तिथं न्हवतोच की. त्या म्हाताऱ्यासंगं दाराशी उभा होतो. पोरगं येतंय का बघत. तिथनं परत यायला वेळ लागणारच की."

"काय म्हणतात?" बुवांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या दिवसात मी काही न गाळता आणि पदरचं काही न घालता केलेलं ते दुसरं भाषांतर.

बुवा पुढे झाले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "विचारा, मुलाचं नाव काय?"

मी विचारायला धजेना. पण मामांना प्रश्न कळला असावा.

"नेमिनाथ," ते म्हणाले. दोन वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"नेमिनाथ," बुवांनी म्हणून पाहिलं. अगदी सावकाश, एकेक अक्षर उतरवत, त्या पेवातल्या सुरात.

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. मग फेट्यानं डोळे पुसले आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "वन्स मोअर."